हळदीला फूल येते, पण बी का धरत नाही?

भाद्रपद-आश्विनात मिरज, पलूस किंवा वाळवा तालुक्यात कृष्णा-वारणेच्या काठच्या हळदीच्या रानात आत शिरून पाहिले, तर कमरेच्या वर गेलेल्या रुंद पानांच्या मधोमध फिकट हिरव्या-पांढऱ्या रंगाचे फुलोरे आलेले दिसतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते सहसा दिसत नाहीत, कारण पानांची गर्दी त्यांना झाकून टाकते; त्यामुळे घरात रोज हळद वापरणाऱ्या अनेकांनी तिचे फूल आयुष्यात कधी पाहिलेले नसते. वितीएवढ्या या फुलोऱ्यावर एकावर एक खिसे शिवावेत तशी छदे, म्हणजे फुलांना वेढणारी पानांसारखी आवरणे, रचलेली असतात. खालच्या हिरवट छदांच्या आत खरी फुले असतात. ती पिवळसर, नाजूक आणि अल्पायुषी असून एका वेळी एक-दोनच उमलतात आणि दिवसभरात कोमेजतात. वरच्या टोकाची पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली छदे मात्र रिकामी असतात. त्यांचे काम कीटकांना लांबून बोलावणे एवढेच. पाऊस पडून गेल्यावर या खिशांमध्ये पाणी साचते आणि मुंग्या, लहान माश्या तिथे येत-जात राहतात.

इतका खटाटोप करूनही या फुलाला जवळजवळ कधीच बी धरत नाही. हळदीविषयी जे काही समजून घ्यायचे आहे, म्हणजे तिची लागवड, तिचे रोग, तिच्या जाती आणि नवी जात तयार करताना येणारी अडचण, ते सारे या एका गोष्टीपाशी येऊन मिळते, असे मला वाटते.

कारण गुणसूत्रांमध्ये आहे. बहुतेक सजीवांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून आलेला. परागकण किंवा बीजांड तयार होताना या दोन संचांतील गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि मग त्यांची समान वाटणी होते. हळदीच्या पेशीत मात्र २१ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ६३ गुणसूत्रे असतात. तिघांची जोडी लावता येत नाही. वाटणी विषम होते, बहुतेक परागकण निकामी निघतात आणि फूल उमलून तसेच गळते. रानात वाढणाऱ्या हळदीच्या अनेक भाऊबंदांमध्ये ४२ गुणसूत्रे, म्हणजे नीट दोन संच असतात आणि त्यांना बी धरते. आपण लावतो ती हळद, शास्त्रज्ञ जिला कुर्कुमा लोंगा म्हणतात, ती जंगलात आपली आपण वाढलेली सापडत नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियात कधीतरी अशाच दोन नातलगांच्या संकरातून ती झाली असावी आणि गड्डा जाड, रंग गडद म्हणून माणसाने तो गड्डा फोडून पुन्हा लावला, असे मानले जाते. त्यानंतर आजपर्यंत ती माणसाच्या हातानेच पुढच्या रानात जात आली आहे. माणसाने लावणे थांबवले, तर ती फार काळ टिकणार नाही.

तिच्या रानटी भाऊबंदांना पाहायचे असेल, तर सांगलीहून फार लांब जावे लागत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयना-चांदोलीच्या जंगलात आणि घाटमाथ्यावर, पावसाळा सुरू झाला की रानहळद जमिनीतून वर येते आणि तिचे गुलाबी-जांभळट शेंडे असलेले, पिवळ्या फुलांचे फुलोरे झाडीच्या सावलीत उठून दिसतात. तिथल्या हवामानाकडे नीट पाहिले, तर शेतातल्या हळदीच्या सगळ्या सवयींचा उलगडा होतो. चार महिने धो धो पाऊस, मग थंडी आणि नंतर कोरडा ठणठणीत उन्हाळा, अशा ऋतुचक्रात हे कूळ घडलेले आहे. पावसात भराभर पाने काढायची, पानांनी केलेले अन्न जमिनीखालच्या खोडात साठवायचे आणि पाणी संपले की वरचे सारे वाळवून टाकून गड्ड्याच्या रूपाने झोपी जायचे, हा त्यांचा क्रम. जमिनीवर जे खोडासारखे दिसते ते खोड नव्हेच; पानांच्या देठांची आवरणे एकमेकांवर घट्ट गुंडाळून ते झालेले असते. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा गड्डा, आणि हळकुंडे म्हणजे त्या गड्ड्याला फुटलेल्या आडव्या फांद्या. हळकुंडावर जी वलये दिसतात ती गळून गेलेल्या खवलेवजा पानांच्या खुणा असतात आणि त्यांच्या बगलेत डोळे असतात. प्रत्येक डोळ्यातून नवे झाड होऊ शकते. आले, वेलदोडा आणि आपल्या परसातला सोनटक्का ही याच कुळातली मंडळी आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव भागात आल्याची शेती करणारा शेतकरी हळदीकडे सहज वळतो, कारण दोन्ही पिकांचा स्वभाव बराचसा सारखा आहे.

आता एक अडचण उभी राहते. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मिरजेच्या बाजूला जेमतेम ६०० मिलिमीटरच्या आसपास. ज्या झाडाला ओल्या जंगलाची सवय, त्याची सर्वांत नामांकित पेठ सांगलीसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात कशी उभी राहिली? उत्तर नदीत आहे. कृष्णा आणि वारणा सह्याद्रीचे पाणी या कोरड्या पट्ट्यात घेऊन येतात, काठाची मळईची जमीन भुसभुशीत असते, आणि पाटाच्या किंवा उपशाच्या पाण्यावर एप्रिल-मे महिन्यांतच पीक उभे करता येते. हळदीला ओल हवी असते, पण साचलेले पाणी अजिबात चालत नाही. भारी काळ्या, चिबड रानात गड्डा कुजतो आणि चुनखडीच्या रानात पाने पिवळी पडतात. ऑगस्ट २०१९ मधल्या महापुरासारखे पाणी रानात दिवसेंदिवस उभे राहिले, तर काठची हळद जागेवर सडते, आणि ज्याचे पुढच्या वर्षाचे बेणे त्याच रानात असते त्याचे दुहेरी नुकसान होते.

बेणे हाच या पिकाचा जीव आहे. बी नसल्यामुळे मागच्या वर्षीच्या गड्ड्याचा तुकडा म्हणजेच यंदाचे झाड. त्यात जे गुण होते ते सगळे जसेच्या तसे उतरतात आणि जे दोष होते तेही. खोडाच्या तळाशी तयार होणारा मोठा, गोलसर गड्डा म्हणजे जेठा गड्डा. त्याच्या बाजूला येतात ते बगल गड्डे, आणि त्यांना फुटलेली ती हळकुंडे. लावणीसाठी जेठ्या गड्ड्याला पहिली पसंती असते, कारण त्यात अन्नसाठा भरपूर असतो आणि उगवलेले झाड सुरुवातीपासून जोमदार निघते. ५० ग्रॅमच्या वर वजनाचे, निरोगी, मुळ्या साफ केलेले गड्डे निवडावेत, अशी शिफारस असते आणि एकरी सुमारे १० क्विंटल बेणे लागते. हा खर्च मोठा असतो, म्हणून पुष्कळ जण हळकुंडेही लावतात. ती चालतात, पण ती जाड, वजनदार आणि डोळे सुजलेली हवीत.

काढणी झाली की बेणे लगेच लावता येत नाही. सावलीत, झाडाखाली किंवा छपरात त्याचा ढीग करून वर हळदीचाच वाळलेला पाला अंथरतात आणि साधारण दोन महिने ते विश्रांती घेते. उन्हाळा चढू लागला की डोळे फुगतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लावणीला हात घातला जातो. मुहूर्ताचा हा दिवस आणि गड्ड्याची जाग येण्याची वेळ यांचा मेळ आपल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी निरीक्षणातून साधलेला आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पूर्वी सरी-वरंब्यावर लावण होई. आता गादीवाफे आणि ठिबक यांचा वापर वाढला आहे, आणि पाण्याचा निचरा पाहता तो बदल योग्यच आहे. पहिल्या दोन महिन्यांत घेवडा किंवा कोथिंबिरीसारखे आंतरपीक निघून जाते. दोन-अडीच महिन्यांनी भरणी करतात, म्हणजे सरीतली माती बुंध्याशी लावून घेतात. ही कामाची गोष्ट आहे, कारण उघड्यावर आलेले हळकुंड उन्हाने हिरवे पडते, त्याची वाढ खुंटते आणि कंदमाशीला अंडी घालायला जागा मिळते. कंदमाशीची अळी गड्डा पोखरते आणि तिच्या मागोमाग कंदकुजीची बुरशी शिरते. मधली पाने पिवळी पडून वाळू लागली आणि बुंधा धरून ओढल्यावर तो सहज हातात आला, तर खाली कूज लागलेली आहे असे समजावे.

बियांपासून वाढणाऱ्या पिकात झाडे एकमेकांपासून थोडी वेगळी असू शकतात, त्यामुळे रोग आला तरी काही झाडे तग धरण्याची शक्यता असते. हळदीच्या रानात एका जातीची सारी झाडे मुळात एकाच झाडाची शकले असतात. एकाला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारू शकतो. शिवाय कूज बेण्यातून एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास करते. म्हणूनच बेणे ओळखीच्या, रोग नसलेल्या रानातून घ्यावे, लावण्यापूर्वी त्यावर बुरशीनाशकाची आणि ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची प्रक्रिया शिफारशीप्रमाणे करावी, आणि एकाच रानात लागोपाठ हळद किंवा आले घेऊ नये, हा सल्ला कृषी विद्यापीठे पुन्हा पुन्हा देतात. तो ऐकायला साधा वाटतो, पण या पिकात त्याहून मोठा बचाव दुसरा नाही.

नवी जात काढण्याचा प्रश्नही इथेच अडतो. गहू-ज्वारीसारखा दोन वाणांचा संकर करून हजारो वेगवेगळी रोपे तपासणे हळदीत सहजी शक्य नाही. मग उरतो निवडीचा मार्ग: ठिकठिकाणचे गड्डे गोळा करून लावायचे, जे सरस ठरतील ते वेगळे वाढवायचे. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. तिथून आलेली 'कृष्णा' ही जात आंध्रातल्या कडप्पा हळदीतून निवडलेली आहे, आणि 'फुले स्वरूपा' हीसुद्धा निवडीतूनच आली आहे. तमिळनाडूतून आलेली सेलम आज शेतकऱ्यांमध्ये फार लोकप्रिय आहे, तर सांगलीच्या बाजाराची जुनी ओळख राजापुरी हळदीशी जोडलेली आहे. अगदी क्वचित काही वाणांत बी धरते, आणि त्या मोजक्या बियांची रोपे जपून कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने 'प्रभा' आणि 'प्रतिभा' या जाती दिल्या. किती चिकाटीचे काम असेल ते!

आठ-नऊ महिन्यांनी, पौष-माघात, पाने पिवळी पडून वाळतात. पाणी आधीच तोडलेले असते. पाला कापून चार-पाच दिवस रान तापू देतात आणि मग कुदळीने किंवा यंत्राने खणणी होते. याच दिवसांत बाजारात ओली हळद येते आणि घरोघरी तिचे लोणचे पडते. मात्र व्यापाराची हळद अजून तयार झालेली नसते. ती शिजवावी लागते. पूर्वी गुळाच्या काहिलीतच हळद शिजे: तळाला पाला, वर हळकुंडे, त्यावर पाणी आणि पुन्हा पाल्याचे झाकण. फेस येऊ लागला, विशिष्ट वास सुटला आणि काडी टोचल्यावर ती सहज आरपार गेली की हळद शिजली. जेठे गड्डे जाड असल्याने ते वेगळे शिजवतात. आता वाफेवरचे कुकर गावोगाव फिरतात. त्यात वेळ वाचतो, सगळा माल सारखा शिजतो आणि जळणही कमी लागते.

शिजवण्याने नेमके काय होते? कच्च्या हळकुंडाचा बराच भाग पिठूळ द्रव्याचा असतो आणि पिवळे रंगद्रव्य काही ठरावीक पेशींमध्ये ठिपक्यांसारखे कोंडलेले असते. उष्णतेने पीठ शिजून चिकट होते, पेशींच्या भिंती मोडतात आणि रंग सगळीकडे सारखा पसरतो. डोळे मरतात, त्यामुळे साठवणीत कोंब फुटत नाहीत. कच्चट वास जातो आणि वाळवणही लवकर होते. कमी शिजलेले हळकुंड आतून ठिसूळ राहते, तर जास्त शिजलेले काळपट पडते. पुढे दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवून फिरत्या पिंपात घासून पॉलिश केले की खरखरीत साल निघून जाते. ओल्या मालाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी वाळलेली हळद हाती येते. नीट वाळलेली दोन हळकुंडे एकमेकांवर आपटली की धातूसारखा टणत्कार होतो, आणि तोडलेल्या तोंडाशी नारिंगी-पिवळा, मेणासारखा तकाकणारा गर दिसतो.

सांगलीच्या पेठेने यात आणखी एका कौशल्याची भर घातली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूर गावात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे खोदलेली असत. तोंड अरुंद, पोट रुंद, खोली माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट. आतून गवत-पाचटाचा थर देऊन हळद भरायची आणि तोंड बंद करून वरून माती लिंपायची. तिथली माती अशी की भिंती ढासळत नाहीत आणि आत ओल शिरत नाही. बंद पेवात हवा खेळत नसल्याने आतल्या किडीच उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि मग स्वतःही जगू शकत नाहीत. हळदीच्या रंगाचा दुसरा शत्रू म्हणजे उजेड, तोही तिथे पोहोचत नाही. त्यामुळे माल काही वर्षे जसाच्या तसा राहत असे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून ते आधी बराच वेळ उघडे ठेवण्याची रीत होती. २००५ च्या महापुरात यातल्या अनेक पेवांचे नुकसान झाले, आणि आता बहुतेक माल गोदामे व शीतगृहे यांत जातो. वीज न वापरता चालणारी इतकी हुशार साठवण मागे पडली, याची खंत वाटते.

आज राज्यातले हळदीचे मोठे क्षेत्र हिंगोली-नांदेडकडे गेले असले, तरी तिथला आणि परराज्यांतला माल सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्यासाठी येतो. बाहेरून येणाऱ्या त्या मालाला इथे परपेठ हळद म्हणतात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळदीचा रंग ज्याच्यामुळे आहे ते द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. सुक्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. फोडणीत चिमूटभर हळद टाकताच तेल पिवळेधमक होते ते यामुळेच. आम्लात पिवळे राहणारे हे द्रव्य अल्कलीत लाल होते. वरणाचा डाग साबण लागताच लालसर दिसतो, आणि मुक्या मारावर लावायच्या हळद-चुन्याच्या लेपाचा रंगही तसाच पालटतो. टाकणखार आणि लिंबाच्या रसाचे संस्कार करून हळदीपासूनच पारंपरिक कुंकू बनते. आणि डागाचे कापड उन्हात टाकले की उजेडाने कर्क्युमिन मोडते आणि डाग फिका पडतो. लग्नाच्या हळदीपासून कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबावर उधळल्या जाणाऱ्या भंडाऱ्यापर्यंत आपल्या आयुष्यात हा रंग सगळीकडे आहे.

औषधी उपयोगाबद्दल जपून बोलायला हवे. जखमेवर हळद दाबणे हे आपल्याकडे इतके जुने ज्ञान आहे की १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुने संदर्भ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुरावा म्हणून सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लढा योग्यच होता. पण त्यावरून हळद सर्व रोगांवर चालते असा अर्थ काढू नये. पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फार थोडे पोहोचते. १९९८ मध्ये बंगळुरूत झालेल्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरीनसोबत ते दिल्यावर रक्तातले प्रमाण बरेच वाढलेले दिसले. तरीही प्रयोगशाळेतले परिणाम माणसाच्या आजारावर ठामपणे सिद्ध होणे ही वेगळी गोष्ट आहे. स्वयंपाकातली हळद निर्धास्त खावी. जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भेसळीचा धोका तर त्याहून जवळचा: रंग खुलवण्यासाठी वापरले जाणारे लेड क्रोमेट हे शिशाचे विष आहे. अख्खी हळकुंडे घेऊन गिरणीत दळून आणणे हा त्यावर बराच चांगला उपाय आहे, मात्र भडक पिवळा लेप दिसणारी, हाताला रंग सोडणारी हळकुंडे टाळावीत.

ज्यांना घरी हळद वाढवायची आहे, त्यांनी किराणा दुकानातले वाळके हळकुंड लावून वाट पाहू नये. ते शिजवलेले असते, त्यातून कोंब येणार नाही. माघ-फाल्गुनात मंडईत येणारी, मातीचा वास असलेली ओली हळद घ्यावी, सावलीत कोरड्या मातीत किंवा वाळूत ठेवावी आणि वैशाखात डोळा वर करून रुंद तोंडाच्या कुंडीत दोन-तीन बोटे खोल लावावी. कुंडीला खाली भोके हवीत, मातीत कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू असावी. उगवायला दोन-तीन आठवडे किंवा अधिकही लागू शकतात. तोवर पाणी बेताने द्यावे, नाहीतर बेणे कुजते. अर्धवट सावली चालते. पावसाळ्यात एकदा वरून माती घालावी, पाने पोसली की एखाद-दुसरे पान पातोळ्यांसाठी काढायलाही हरकत नाही, आणि थंडीत पाने वाळली की पाणी थांबवून पंधरा दिवसांनी कुंडी उलटी करावी. निघालेल्यातला सर्वांत जाड, टणक आणि डाग नसलेला गड्डा खाण्यात न घालता बेण्यासाठी बाजूला ठेवावा.